हर्षल नावाचा ग्रह आणि हर्शेल नावाचा माणूस

मराठी पंचांग उघडले की रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि राहू-केतू या नेहमीच्या मंडळींच्या पंगतीत हर्षल आणि नेपच्यून हे पाहुणेही बसलेले दिसतात. नेपच्यून परदेशी आहे हे ऐकताक्षणी कळते. हर्षल मात्र कानाला इतका घरचा वाटतो, की तो ‘हर्ष’ शब्दापासून आलेला एखादा जुना संस्कृत शब्द असावा अशी अनेकांची समजूत असते. शाळेच्या पुस्तकात याच ग्रहाला युरेनस म्हणतात. जगाने ते नाव स्वीकारले, पण आपल्या पंचांगकर्त्यांनी त्या ग्रहाला त्याच्या शोधकर्त्याच्या आडनावानेच ओळखायचे ठरवले. हा शोधकर्ता म्हणजे विल्यम हर्शेल. व्यवसायाने वादक, जन्माने जर्मन, वास्तव्याने इंग्रज, आणि ज्या वयात आपण माणसे प्रॉव्हिडंट फंडाचे हिशेब करू लागतो त्या वयात आकाशाकडे वळलेला एक विलक्षण गृहस्थ.

आपल्या नवग्रहांत आजच्या शास्त्राच्या अर्थाने ग्रह फक्त पाच. सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह आणि राहू-केतू हे तर चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाच नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणून बाबिलोनच्या, ग्रीसच्या, आपल्या, साऱ्यांच्याच पूर्वजांना ते ठाऊक होते. कोपर्निकसने पृथ्वीला या पाचांच्या रांगेत बसवले आणि सहा ग्रह झाले. शनी ही शेवटची वेस. तिच्यापलीकडे आणखी ग्रह असेल, अशी शंका हजारो वर्षांत क्वचितच कुणाला आली होती.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक हे लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. घरात पैसा बेताचा, पण संगीत आणि गप्पा भरपूर. मुलांना तारे दाखवावेत, धूमकेतू दाखवावा, अशी हौस असलेले हे वडील होते. विल्यम चौदाव्या वर्षी त्याच बँडमध्ये लागला. पुढे सप्तवार्षिक युद्ध पेटले आणि १७५७ साली हॅस्टेनबेकच्या लढाईत हॅनोव्हरकरांचा पराभव झाला. त्या धामधुमीत वडिलांच्याच सल्ल्याने एकोणीस वर्षांच्या विल्यमने इंग्लंड गाठले. तो पलटणीतून पळाला आणि पुढे राजाने त्याला माफीपत्र दिले, अशी एक चुरचुरीत गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सापडते. ती खरी मानायचे कारण नाही. १७६२ साली त्याला रीतसर सेवामुक्तीचा कागद मिळाला होता.

लंडनमध्ये त्याने सुरुवातीला स्वरलिपीच्या नकला उतरवून पोट भरले. मग डरहॅम, लीड्स, हॅलिफॅक्स अशी गावे करत १७६६ साली तो बाथ या श्रीमंतांच्या हवापालटाच्या गावी एका चॅपेलचा ऑर्गनवादक झाला. शिकवण्या, मैफली, संगीतरचना... त्याने चोवीस सिंफनी लिहिल्या! सुखवस्तू मध्यमवर्गीय आयुष्याची सगळी तयारी झाली होती.

याच सुमारास हॅनोव्हरमध्ये त्याची धाकटी बहीण कॅरोलिन भांडी घासत होती. १७५० चा तिचा जन्म. लहानपणी देवी आल्या, दहाव्या वर्षी टायफसचा ताप आला, आणि तिची वाढच खुंटली. सव्वाचार फुटांच्या वर ती कधी गेली नाही. हिचे लग्न काही होणार नाही असे घरच्यांनी धरून टाकले आणि आईने तिला बिनपगारी मोलकरीण म्हणून राबवायचे ठरवले. वडिलांना तिला शिकवावेसे वाटे, पण ते आईच्या नजरेआड, चोरून. वडील वारले आणि तेही संपले. १७७२ साली विल्यम हॅनोव्हरला आला आणि तिला गाणे शिकवून गायिका करतो म्हणून इंग्लंडला घेऊन गेला. आईची संमती मिळवण्यासाठी त्याला काय करावे लागले? मुलीच्या जागी नोकर ठेवता यावा म्हणून त्याने आईला वार्षिक रक्कम बांधून दिली. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढल्यामुळे असेल, पण चरित्र वाचताना माझी नजर अशा नोंदींवर आधी जाते. घरातल्या माणसाच्या कष्टाला किंमत असते हे त्या घरात प्रथम कळले ते ती मुलगी निघून जाताना.

संगीतातून विल्यम गणिताकडे वळला आणि गणितातून प्रकाशशास्त्राकडे. स्वरशास्त्रावरचे रॉबर्ट स्मिथचे पुस्तक त्याने वाचले. त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक दुर्बिणीवर होते, ते आपसूकच हाती आले. १७७३ साली, वयाच्या पस्तिशीत, त्याने भाड्याने दुर्बीण आणून पाहिली. समाधान होईना. विकत घ्यावी तर मोठा आरसा खिशाला परवडेना. तेव्हा त्याने स्वतःच आरसे ओतायचे ठरवले.

त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, धातूचे असत. तांबे आणि कथील यांचा तो मिश्रधातू. आपल्या घरातली तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असते, तिच्याच कुळातला, फक्त कथील बरेच जास्त. त्यामुळे झिलई उत्तम चढते, पण धातू काचेसारखा ठिसूळ होतो. त्याचा गोळा ओतायचा, मग तो हाताने घासत घासत अचूक खोलगट करायचा आणि शेवटी आरशासारखा चमकवायचा. घराची रया गेली. दिवाणखान्यात सुतार नळ्या जोडू लागला, झोपायच्या खोलीत लेथ बसले. साच्यासाठी घोड्याची लीद लागे. ती कुटून चाळून देण्याचे काम कॅरोलिनकडे! आली होती गायला, आणि हाती आला खलबत्ता. शेवटचा हात देताना आरशावरून हात उचलला तर आकार बिघडे, म्हणून विल्यम एकदा सलग सोळा तास घाशीत बसला होता. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवी आणि त्याला कंटाळा येऊ नये म्हणून ‘डॉन किहोटे’ किंवा ‘अरबी सुरस कथा’ वाचून दाखवी. १७८१ साली मोठा आरसा ओतताना साचा फुटला, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि दगडी लाद्या तडकून उडू लागल्या. भाऊ आणि कामगार जीव घेऊन पळाले.

मात्र या खटाटोपातून जी दुर्बीण निघाली तिच्यासारखी दुसरी त्या वेळी युरोपात नव्हती. आणि ती वापरण्याची त्याची रीतही वेगळी होती. त्या काळचे खगोलशास्त्रज्ञ ठरावीक तारे, ठरावीक ग्रह यांच्या जागा मोजत. सारे लक्ष जहाजांना दिशा सापडण्यासाठी लागणाऱ्या कोष्टकांकडे. हर्शेल मात्र आकाशाची झडती घेत होता. एकही तारा सोडायचा नाही, सगळे तपासायचे. आमच्या इन्स्पेक्शन विभागातली मंडळी खाते न् खाते उघडून पाहत, तसे.

१३ मार्च १७८१ च्या रात्री, दहा ते अकराच्या दरम्यान, बाथच्या न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घराच्या मागच्या बागेत तो वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेवरचे तारे तपासत होता. दुर्बीण सात फुटी, आरसा सव्वासहा इंचांच्या आतला. एक तारा इतरांपेक्षा मोठा दिसला. तारे इतके दूर असतात की दुर्बिणीची ताकद वाढवली तरी ते ठिपकेच राहतात. हा मात्र २२७ पटीतून ४६० वर आणि तिथून ९३२ वर नेला तशी त्याची चकती वाढत गेली. म्हणजे हा तारा नव्हे. चार रात्रींनी पुन्हा पाहिले तर तो जागेवरून सरकलेला. हर्शेलने नोंद केली ती धूमकेतू म्हणून. ग्रह हा शब्द त्याच्या मनाला शिवला नाही, कारण ग्रह सापडण्याची गोष्टच नव्हती. ते आधीपासून असतच!

धूमकेतू म्हणावे तर शेपूट नाही. ग्रीनिचचे राजज्योतिषी मॅस्केलिन यांना लवकरच ग्रहाची शंका आली. सेंट पीटर्सबर्गचे गणिती लेक्सेल तेव्हा योगायोगाने लंडनमध्ये होते, त्यांनी कक्षेचे गणित केले. ती धूमकेतूसारखी लांबट निघाली नाही, जवळजवळ वर्तुळ निघाली. आणि सूर्यापासूनचे अंतर? पृथ्वीच्या एकोणीस पट. शनी साडेनऊ पटीवर आहे. एका संगीतशिक्षकाने मागच्या बागेतून सूर्यमालेचे अंगण दुप्पट करून ठेवले होते.

मजा अशी, की हा ग्रह पूर्वी अनेकांनी पाहिलेला होता. फ्लॅमस्टीडने १६९० सालीच वृषभ राशीतला चौतिसावा तारा म्हणून त्याची नोंद केली होती. फ्रान्सच्या लमोनिएने तर १७५० ते १७६९ या काळात तो अनेकदा टिपला होता. अंधाऱ्या रात्री नेमकी जागा ठाऊक असली तर तीक्ष्ण नजरेला तो दुर्बिणीशिवायही जेमतेम दिसतो. पाहिला सगळ्यांनी, पण ओळखला हर्शेलच्या आरशाने. ज्या बहिणीने त्या आरशांपायी इतके कष्ट उपसले, ती मात्र त्या रात्री तिथे नव्हती. आधीच्या घरची आवराआवर अजून व्हायची होती.

त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे कॉपली पदक मिळाले, सभासदत्व मिळाले. हर्शेलने व्यवहार ओळखून ग्रहाला राजा तिसऱ्या जॉर्जचे नाव दिले. राजा खूश झाला, पण इतर देशांना इंग्लंडचा राजा आकाशात कसा चालावा? बर्लिनच्या बोडेने युरेनस सुचवले. शनीचा बाप, ग्रीकांची आकाशदेवता. फ्रान्समध्ये लालांद यांनी हर्शेल हेच नाव उचलून धरले. या ग्रहाच्या चिन्हात आजही हर्शेल नावाचे पहिले इंग्रजी अक्षर दडलेले आहे. ब्रिटिशांच्या अधिकृत नाविक पंचांगातून राजाचे नाव १८५० साली गेले. आपल्याकडे मात्र ऑर्गनवादकच टिकला.

१७८२ साली राजाने त्याला पगारी नेमणूक दिली. वर्षाला दोनशे पौंड. बाथमध्ये संगीतावर त्याची कमाई चारशेच्या आसपास होती. निम्म्या उत्पन्नावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस आधी डॅचेटला आणि पुढे स्लाव या गावी जाऊन राहिला. कॅरोलिनला तर कुणी विचारलेही नाही. तिचे गाणे तेव्हा बहराला आले होते, हँडेलच्या रचना ती मुख्य गायिका म्हणून गाऊ लागली होती, दुसऱ्या शहरातून बोलावणीही येऊ लागली होती. ते सगळे एका फटक्यात संपले. तूट भरून काढायला विल्यम दुर्बिणी बनवून विकू लागला. स्पेनच्या राजाने एकट्याने ३१५० पौंडांची दुर्बीण घेतली. म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक पगार एका बिलात!

रात्रीचे काम असे चाले : विल्यम शिडीवर, डोळा भिंगाला लावून, दिसेल ते ओरडून सांगतो, कॅरोलिन खाली टेबलाशी घड्याळ आणि तारकासूची घेऊन ते टिपते. दिवसा तीच सगळे गणित करून स्वच्छ नकल काढते. १७८३ च्या ३१ डिसेंबरला, बर्फात, त्याच्या हाकेसरशी धावताना तिची मांडी लोखंडी आकड्यात अडकली आणि सोडवताना मांसाचा लचका तुटला. अशी वीस वर्षे. त्यातून अडीच हजार तेजोमेघ आणि तारकापुंज यांची सूची तयार झाली. शिवाय कॅरोलिनने स्वतः, विल्यम गावाला गेलेला असताना किंवा उसंत मिळेल तेव्हा, १७८६ ते १७९७ या काळात आठ धूमकेतू शोधले. १७८७ साली राजाने तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला पन्नास पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामाचा पगार मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. सदतिसाव्या वर्षी हाती आलेली ती पहिली स्वतःची रक्कम होती.

आता ग्रहांविषयी. हर्शेलचे नाव युरेनसशी बांधले गेले, पण माझ्या मते त्याचे मोठे काम दुसरेच आहे. ग्रह म्हणजे कमी-जास्त तेजाचे फिरते ठिपके, हा समज त्याने मोडला आणि प्रत्येक ग्रहाला त्याचा स्वभाव दिला. मंगळाच्या ध्रुवांवरचे पांढरे ठिपके वाढतात आणि आक्रसतात, हे त्याने चिकाटीने पाहिले, ते बर्फ असावे असे ठरवले, आणि मंगळाचा अक्ष कललेला असल्यामुळे तिथे आपल्यासारखेच ऋतू होतात हे १७८४ साली मांडले. मंगळाचा दिवस त्याने २४ तास ३९ मिनिटांचा काढला. आजचा आकडा २४ तास ३७ मिनिटे. दोन मिनिटांची चूक, तीही हाताने घासलेल्या आरशातून! शुक्रावर उत्तुंग पर्वत दिसतात असे एका जर्मन निरीक्षकाने म्हटले, तेव्हा हर्शेलने ते साफ नाकारले. दिसते ते दाट वातावरण, जमीन नव्हेच, असे त्याने सांगितले. ते बरोबर निघाले. त्या ढगांखाली शुक्राची जमीन साडेचारशे अंशांहून अधिक तापलेली आहे आणि तो स्वतःभोवती उलटा, एवढा संथ फिरतो की एका फेरीला आपले २४३ दिवस लागतात. याउलट पृथ्वीच्या अकरापट रुंद असलेला गुरू दहा तासांच्या आत गिरकी पुरी करतो. शनी इतका हलका, की त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी. या शनीचे मिमास आणि एन्सेलाडस हे दोन चंद्र हर्शेलने १७८९ साली शोधले. एन्सेलाडसच्या बर्फाळ कवचातून पाण्याचे फवारे उडतात हे २००५ साली कॅसिनी यानाने दाखवले.

आणि त्याचा स्वतःचा ग्रह तर सगळ्यांत चमत्कारिक. व्यास एक्कावन्न हजार किलोमीटर, पृथ्वीच्या चौपट. आत पाणी, अमोनिया, मिथेन यांचे दाट द्रव मिश्रण, वर हायड्रोजन आणि हेलियम, त्यातल्या मिथेनमुळे आलेला निळसर-हिरवा रंग. उभे राहायला जमीन नाही. वातावरणात शून्याखाली २२४ अंशांपर्यंतची थंडी नोंदवलेली आहे. हर्शेलने १७८७ साली त्याचे दोन चंद्र शोधले आणि पुढे त्यांच्या कक्षा जवळजवळ उभ्या व उलट दिशेच्या आहेत हेही दाखवले. त्याचे कारण पुढे उलगडले : अख्खा ग्रहच आडवा पडलेला आहे! इतर ग्रह भोवऱ्यासारखे फिरतात, हा गडगडत्या चेंडूसारखा. त्यामुळे त्याच्या ध्रुवावर सलग बेचाळीस वर्षे दिवस आणि बेचाळीस वर्षे रात्र. १० मार्च १९७७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून जात असताना त्याला कडी असल्याचे उघड झाले, आणि ते वेध घेणाऱ्यांत तामिळनाडूतली कावलूर वेधशाळाही होती. जवळून त्याला पाहणारे यान आजवर एकच, व्हॉयेजर-२, तेही २४ जानेवारी १९८६ रोजी जाता जाता.

हर्शेलच्या चुकाही मोठ्या होत्या. चंद्रावर, मंगळावर वस्ती आहे असे त्याला वाटे. एवढेच काय, सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली थंड जमीन असून तिथेही प्राणी राहतात, असे त्याने १७९५ साली गंभीरपणे लिहिले. पाच वर्षांनी त्याच माणसाने सूर्यकिरणांच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवून अवरक्त किरण शोधले. १८०१ साली सीरीस आणि १८०२ मध्ये पॅलास हे छोटे गोल मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सापडले, तेव्हा हे ग्रह नव्हेत, यांना वेगळे नाव हवे, असे त्याने सुचवले. आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. आपल्या ग्रहाची शान कमी होऊ नये म्हणून हा दुसऱ्यांचे ग्रह बारीक करतो, असा आरोप झाला. सीरीसचा व्यास त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर काढला होता, प्रत्यक्षात तो साडेनऊशेच्या जवळ आहे. तेव्हा माप खरोखर चुकले होते. पण मुद्दा चुकला नव्हता. २००६ साली प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळताना जो वाद झाला, तो मुळात हाच होता.

मधल्या काळात चाळीस फुटी दुर्बीण उभी राहिली. चार फूट रुंद आरसा, राजाचे चार हजार पौंड, शिवाय देखभालीचे वर्षाला दोनशे. तिची नळी जमिनीवर आडवी असताना राजा खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपना हात धरून तिच्यातून चालवत घेऊन गेला, म्हणाला स्वर्गाची वाट दाखवतो. बघायला गर्दी लोटे. पण हिशेबाच्या वहीत बसवायचे तर हा व्यवहार तोट्याचा. आरसा काळवंडे, हवेतल्या दमटपणाने खराब होई, अवजड धूड हलवता हलवत नसे. खरे काम तिच्या निम्म्या लांबीच्या वीस फुटी दुर्बिणीनेच झाले.

१७८८ साली, पन्नाशीला टेकल्यावर, विल्यमने शेजारच्या सधन विधवेशी, मेरी पिटशी लग्न केले. पैशाची चिंता मिटली. कॅरोलिन मात्र घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि कामाला रोज तिथून येऊ लागली. सोळा वर्षे जे घर तिने सांभाळले त्याच्या किल्ल्या तिने नव्या वहिनीच्या हाती दिल्या. त्यानंतरच्या दहाएक वर्षांच्या आपल्या रोजनिश्या तिने स्वतःच नष्ट केल्या. त्यांत काय असेल? कादंबरीकाराला मोह होतो, पण तिने जे जाळले ते आपण कल्पनेने पुन्हा लिहू नये. पुढे वहिनीशी तिचे चांगले जुळले, आणि १७९२ मध्ये जन्मलेला भाचा जॉन हा तर तिच्या गळ्यातला ताईतच झाला.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम हर्शेल वारला. वय त्र्याऐंशी वर्षे नऊ महिने. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षे लागतात. कॅरोलिन लगेच हॅनोव्हरला परतली आणि पन्नास वर्षांनी गेलेल्या त्या गावात तिला आपले असे काही उरलेले दिसले नाही. आता मागे फिरणे नव्हते. तिथे बसून तिने भावाची तेजोमेघांची सगळी सूची भाच्यासाठी नव्याने लावून दिली. १८२८ साली लंडनच्या खगोल संस्थेने त्यासाठी तिला सुवर्णपदक दिले. युरेनसची चाल गणितापेक्षा किंचित चुकते, म्हणजे पलीकडे कुणी ओढणारा असला पाहिजे, या तर्काने १८४६ साली नेपच्यून सापडला तेव्हाही ती हयात होती. ती गेली ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्त्याण्णव वर्षांची होऊन.

चाळीस फुटी दुर्बिणीचा लाकडी सांगाडा कुजून धोक्याचा झाला होता. जॉन हर्शेल आफ्रिकेच्या केप टाउनहून दक्षिणेचे आकाश मोजून परतला होता, त्याने ती उतरवून घेतली. १८३९ सालच्या शेवटच्या रात्री तो बायकामुलांना घेऊन त्या आडव्या लोखंडी नळीत शिरला, आणि सगळ्यांनी आत बसून त्याने रचलेले निरोपाचे गाणे म्हटले. नळीचे तोंड नंतर बंद केले. बागेत पडल्या पडल्या एक झाड कोसळून तिचा बराचसा भाग चेपला. उरलेला दहाएक फुटांचा तुकडा आज ग्रीनिचच्या वेधशाळेत ठेवलेला आहे.